धोमला तंबू, दिवस वाईचा

धोम धरणाच्या काठी तंबू ठोकून मुक्काम असेल, तर एक दिवस वाईसाठी राखाच. वाटेत मेणवली लागते. नाना फडणवीसांचा वाडा पाहून मागच्या कृष्णाघाटावर उतरा. तिथली भली मोठी घंटा मुळात चर्चची! १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा अशा घंटा लुटीत आल्या. मुलांना ती जवळून दाखवा. पुस्तकातली लढाई तिथे हाताला लागते. ‘स्वदेस’चं चित्रीकरणही याच गावातलं.

वाईत ढोल्या गणपतीचं दर्शन सगळेच घेतात. पण देवळाची मागची भिंतही आवर्जून बघा. पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून ती माशाच्या आकाराची बांधली आहे. काय डोकं चालवलंय! परतताना रात्रीच्या चुलीसाठी ताजी भाजी बाजारातूनच घ्या.