घर बंद असताना मीटर काय सांगतो?

"घराला कुलूप लावून आठ दिवस गावी लग्नाला गेलो, तरी बिल तेवढंच कसं?" हा प्रश्न घरोघरी ऐकू येतो. जुन्या मीटरकडे त्याचे उत्तर नव्हते. महिन्यातून एकदा रीडिंग आणि हातात एकच आकडा. महावितरणच्या नव्या स्मार्ट मीटरची नोंद मात्र मोबाइल अ‍ॅपवर तासागणिक दिसते.

घर बंद होते त्यातला एक दिवस काढून पाहा. तासाला सरासरी 0.1 युनिट दिसले तर क्षुल्लक वाटेल; पण चोवीस तास, तीस दिवस धरा, 72 युनिट होतात. फ्रिज, राउटर, सेट-टॉप बॉक्स, रिमोटने बंद करून बटण चालूच ठेवलेला टीव्ही, सगळे त्यात आले. एकेक बंद करून आकडा किती उतरतो ते पाहिले की चोर सापडतो. बिलाचा दर 100 आणि 300 युनिटांनंतर चढतो, म्हणून ही 72 युनिटे महागही पडू शकतात.

दुसरी गोष्ट वेळेची. 1 जुलै 2025 पासून स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते सायंकाळी 5 या वेळेतल्या विजेवर युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सवलत आहे, कारण दिवसा सौर वीज उपलब्ध असते. दोन हजार वॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. हिवाळ्यात फजरच्या वुझूचे गरम पाणी काही नऊनंतर ढकलता येत नाही, आणि रमजानात सहरीची वेळ आपल्या हातात नसते. पण वॉशिंग मशीन, पाण्याचा पंप, जुम्याच्या कपड्यांची इस्त्री दुपारी होऊ शकते. दोघेही दिवसभर कामावर असतील तर या सवलतीतून फारसे हाती लागणार नाही, हेही खरे.

भाड्याने राहत असाल तर घरमालकाकडून ग्राहक क्रमांक मागून घ्या; त्याशिवाय अ‍ॅपवर काही दिसत नाही.

आणि मीटर जोरात पळतोय असा संशय असेल तर नुसती कुरकुर करू नका. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने सुधारलेल्या नियमांनुसार, तक्रार आल्यावर वीज कंपनीने पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर बसवायचा आणि तो किमान तीन महिने ठेवायचा असतो. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.