घरची बिअर महाग का पडते? ऑनलाइन सामान घेण्याबद्दल थोडं

मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एक तक्रार पुन्हा पुन्हा आली. घरी बिअर करायची हौस आहे, पण सामान मागवता मागवता घरची बाटली दुकानातल्या बाटलीपेक्षा महाग पडते. तक्रार खरी आहे. आमच्या पाच-सहा जणांच्या गटाचीही पहिली दोन वर्षं अशीच गेली. म्हणून आज आंबवण्याचं शास्त्र थोडं बाजूला ठेवू आणि सरळ बाजारहाटाबद्दल बोलू.

त्याआधी एक गोष्ट. आम्ही हे अमेरिकेत राहून करतो. इथे १९७८ साली अध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरला केंद्रीय पातळीवर मोकळीक मिळाली. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २००, आणि विकायची नाही. मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांत मात्र त्यासाठी २०१३ उजाडावं लागलं. महाराष्ट्रातून जे ऐकत आहेत त्यांच्यासाठी: तिथे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. मॉल्ट आणि हॉप्स ऑनलाइन मिळतात, म्हणजे परवानगी मिळाली असं समजू नका.

आता सामानाकडे वळू. मॉल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला जव. आपण नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व करतो ना, त्याच जातीची गोष्ट. पाच गॅलनच्या, म्हणजे साधारण १९ लिटरच्या एका खेपेला मध्यम ताकदीच्या बिअरसाठी दहा पौंडांच्या आसपास मॉल्ट लागतो. मॉल्ट जड आणि स्वस्त. हॉप्स हलके आणि महाग. ऑनलाइन खरेदीचं निम्मं गणित या एका फरकात आहे. समजा दहा पौंड मॉल्ट २० डॉलरला दिसला आणि पाठवणावळ १५ डॉलर पडली, तर तुम्ही मॉल्ट २० ला नाही, ३५ ला घेतलात. ‘इतक्याच्या वर खरेदी केली तर पाठवणावळ फुकट’ ही पाटी दिसली की आपण मराठी माणसं लगेच फसतो. १५ डॉलर वाचवायला ३० डॉलरच्या नको असलेल्या वस्तू टोपलीत टाकतो. आमच्याकडे अजून तीन जादा हायड्रोमीटर पडून आहेत.

म्हणून मॉल्ट शक्यतो जवळच्या दुकानातून घ्या, आणि पोत्याने घ्या. ५५ पौंडांचं, म्हणजे २५ किलोचं पोतं पाच खेपांना पुरतं आणि सुट्या मॉल्टपेक्षा पौंडामागे बरंच स्वस्त पडतं. न दळलेला मॉल्ट कोरड्या, थंड जागी घट्ट झाकणाच्या डब्यात वर्षभर सहज टिकतो. दळलेला मात्र काही आठवड्यांत शिळा व्हायला लागतो. याचा अर्थ दळायचं यंत्र हवं. ते टाळायला आमच्यातल्या एकाने घरच्या मिक्सरमध्ये मॉल्ट फिरवला. झालं पीठ! जवाची टरफलं शाबूत राहिली तरच गाळणी तयार होते. पीठ झालं की भांड्याच्या तळाशी लगदा बसतो आणि थेंब खाली उतरत नाही. रात्री अकरापर्यंत आम्ही पंचा लावून तो लगदा पिळत होतो. यंत्राच्या दोन रुळांमधली फट एक मिलिमीटरच्या आसपास असावी, एवढं लक्षात ठेवा. पाच जणांत मिळून एक यंत्र पुरतं.

हॉप्स मात्र ऑनलाइनच घ्यावेत असं आमचं मत आहे. वेष्टनावर दोन गोष्टी बघायच्या: पीक कोणत्या वर्षीचं आणि अल्फा आम्ल किती टक्के. बिअरचा कडवटपणा मुख्यतः या आम्लातून येतो. २८ ग्रॅम कॅस्केड घेतलं आणि त्यात अल्फा ५.५ टक्के असेल, तर आम्ल झालं सुमारे दीड ग्रॅम. १३ टक्के अल्फाचं मॅग्नम घेतलं तर तेवढ्यासाठी १२ ग्रॅम पुरे. सुरुवातीला टाकून तासभर उकळायच्या हॉप्सचा सुगंध बहुतेक उडूनच जातो, मग तिथे महागडं सुगंधी वाण कशाला? औंसाचा भाव बघू नका, आम्लाच्या ग्रॅमचा भाव काढा. सुगंधी वाणावरचे पैसे शेवटी टाकायच्या हॉप्ससाठी राखून ठेवा.

वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात हॉप्सची काढणी ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरात होते. नवं पीक बाजारात आलं की मागच्या वर्षीचे हॉप्स उतरत्या भावात निघतात. हवा काढून बंद केलेल्या पाकिटात, थंड जागी ठेवलेले असतील तर ते बिनधास्त घ्या. एकदम एक पौंड घ्या, वाटून घ्या आणि फ्रीजरमध्ये ठेवा. नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर्ष न लिहिलेले हॉप्स कितीही स्वस्त असले तरी आम्ही घेत नाही. शिळ्या हॉप्सना जुन्या चीजसारखा वास येतो, आणि तो बिअरमध्ये उतरतो.

आता यीस्ट. यीस्ट म्हणजे आपलं विरजणच, आणि विरजण मेलेलं असेल तर बाकी सगळं चांगलं असून काही उपयोग नाही. एका जुलैत आम्हाला द्रव यीस्ट जवळजवळ निम्म्या किमतीत मिळालं. तारीख नीट पाहिली नाही, आणि मागवलं गुरुवारी. शनिवार-रविवार ते कुठल्यातरी गोदामात उन्हात पडलं. हातात आलं तेव्हा सोबतची बर्फाची पिशवी कोमट होती. तरी टाकलं. तीन दिवस फर्मेंटरमध्ये काही हालचाल नाही, चौथ्या दिवशी भलताच आंबूस वास. १९ लिटर मोरीत ओतले. यीस्टवर वाचवलेले चार-पाच डॉलर मॉल्ट, हॉप्स आणि सहा जणांचा आख्खा शनिवार घेऊन गेले. दुकानदाराने पैसे परत दिले, पण फक्त यीस्टचे.

तेव्हापासून उन्हाळ्यात आम्ही कोरडं यीस्टच घेतो. साडेअकरा ग्रॅमचं पाकीट एका खेपेला पुरतं आणि प्रवासात सहसा बिघडत नाही. द्रव यीस्ट हवंच असेल तर सोमवारी मागवा. आणि खरी बचत विकत घेण्यात नाहीच. आंबवणं संपलं की तळाशी बसलेला गाळ निर्जंतुक केलेल्या बरणीत भरायचा, झाकण सैल ठेवायचं आणि फ्रीजमध्ये ठेवून दोन आठवड्यांच्या आत पुढच्या खेपेला वापरायचा. आजी विरजण राखून ठेवायची ना, तसंच. चार-पाच पिढ्या चालतं. नंतर चव बदलायला लागते, मग नवं पाकीट फोडायचं.

किरकोळ गोष्टी भरभर सांगतो. बाटलीत फेस यावा म्हणून डेक्स्ट्रोज लागतं असं सांगतात, पण घरातली साखर थोड्या कमी वजनात तेच काम करते. जुनी प्लास्टिकची बादली फुकट मिळाली तरी आत ओरखडे असतील तर घेऊ नका, त्यात जंतू घर करतात. निर्जंतुक करायच्या द्रावावर काटकसर नको. तो जपून मोजून वापरला तर एक बाटली वर्षभर जाते. जुने सोड्याचे स्टीलचे केग चांगले मिळतात, फक्त रबरी कड्या सगळ्या बदला.

कार्बन डायऑक्साइडची टाकी मात्र ऑनलाइन घेऊन पस्तावाल. नवी टाकी रिकामीच येते, आणि ती भरायला वेल्डिंगचा गॅस देणाऱ्या दुकानात जावंच लागतं. तिथे बहुतेक वेळा तुमची चकचकीत टाकी ठेवून घेऊन दुसरी जुनी, भरलेली देतात. मग नव्या टाकीचे पैसे कशाला घालवायचे? जुनी घेतलीत तर गळ्यापाशी ठोकलेली चाचणीची तारीख वाचा. पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा चाचणी केल्याशिवाय कोणी भरून देत नाही, आणि तो खर्च तुमच्या गळ्यात पडतो.