परसातल्या कोंबड्या आणि मानमोडी

मराठीचा प्राध्यापक कोंबड्या पाळतो असे सांगितले, की ऐकणारा आधी हसतो आणि मग अंड्यांचा भाव विचारतो. बोरिवलीच्या एक्सर गावठाणात मागे हातभर परस असलेले बैठे घर वडिलांकडून आमच्याकडे आले, त्याबरोबर खुराडेही आले. मरोळपासून गोराईपर्यंतच्या गावठाणांत आणि आरेच्या पाड्यांत कोंबडा अजून आरवतो. शिवाय कर्जत-मुरबाडकडे जागा घेऊन तिथे पाच-सहा कोंबड्या सोडणारी शहरी कुटुंबेही आता पुष्कळ. अशा मंडळींना अंड्यांविषयी सारे ठाऊक असते, पण दुखण्याविषयी फारसे नसते. आणि कोंबडीचे दुखणे सवड देत नाही.

या दुखण्यांची महाराणी म्हणजे मानमोडी. शब्दाचा धंदा करणाऱ्याला येथे थोडे थांबणे भाग आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीलाही आपल्याकडे मानमोडीच म्हणत. माणसाच्या बाबतीत तो शब्द मागे पडला. कोंबडीच्या बाबतीत मात्र तो अक्षरशः खरा ठरतो. आजारी कोंबडीची मान पिळवटते, ती चोच उघडून श्वास घेते, हिरवट हगते, पाय ओढते. शास्त्रीय नाव न्यूकॅसल. १९२६ साली इंग्लंडात त्या गावी हा रोग ओळखला गेला. पाठोपाठ तो आपल्याकडे कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेतला आढळला आणि त्या थंड हवेच्या सुंदर गावाचे नाव या रोगाला कायमचे चिकटले. रोग विषाणूचा, म्हणून त्यावर औषध नाही. आहे ती लस.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत ती आली, ती गटारीच्या पावलांनी. शेजारच्या मावशींच्या घरी अमावास्येसाठी बाजारातून दोन कोंबडे आले. एक कामी आला. दुसरा दिसायला देखणा, म्हणून ठेवून घेतला आणि त्याच संध्याकाळी बाकीच्यांत सोडला. सहाव्या दिवशी तो मान टाकून बसला. पुढच्या पाच दिवसांत मावशींच्या अकरा कोंबड्या गेल्या. मावशींचा औषधपाण्याचा खर्च अंड्यांच्या पैशांवर चालतो, हे गल्लीत सर्वांना ठाऊक होते. दोन कोंबड्या उभ्या होत्या तेव्हा एका गृहस्थांनी सल्ला दिला, "आजच विकून टाका, चार पैसे तरी सुटतील." मावशी म्हणाल्या, "आणि घेणाऱ्याच्या घरी काय होईल हो?" त्यांनी त्या विकल्या नाहीत. खोल खड्डा खणून, वर चुना टाकून सगळ्या पुरल्या. मानमोडी गावभर पसरते ती बहुधा अशा घाईच्या विक्रीतून. त्या खड्ड्यापाशी आमची गल्ली वाचली असे मला वाटते.

मधल्या भिंतीच्या अलीकडे आमच्या सहा कोंबड्या होत्या. त्यांना लस झाली होती, त्या तगल्या. पिल्लू आठवड्याचे होण्याच्या सुमारास लासोटा किंवा एफ-वन लसीचा एक थेंब डोळ्यात, चौथ्या आठवड्याच्या आसपास पुन्हा एकदा, आणि आठव्या आठवड्याला आर-टू-बी हे टोचण असा सर्वसाधारण क्रम असतो; पुढचे पशुवैद्य सांगतील तसे. अडचण निराळीच आहे. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची असते, आणि आपल्या कोंबड्या सहा! लस जिवंत विषाणूची; ती बर्फात ठेवूनच घरी आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आता आमच्या गल्लीत सर्वांचा मिळून एक दिवस ठरतो. सकाळी सातला थर्मासमध्ये बर्फ, डालग्याखाली कोंबड्या, आणि पोरांचा गोंधळ! लसीकरणाचे सामाजिक महत्त्व यावर मी वर्गात निबंध लिहून घेतले आहेत. ते परसात अधिक चांगले कळते.

कोंबडीचे आणि लसीचे नाते तसे जुने. १८७९-८० च्या सुमारास लुई पाश्चरने कोंबड्यांच्या पटकीचे जुने, दुबळे झालेले जंतू टोचले. त्या कोंबड्या पुढे ताज्या जंतूंनाही पुरून उरल्या. प्रयोगशाळेत जंतू दुबळे करून लस तयार करण्याची वाट तिथून मोकळी झाली.

मान वाकडी किंवा पाय लुळे दिसले म्हणजे प्रत्येक वेळी मानमोडीच, असे मात्र नव्हे. जावा बेटात आइकमन या डच डॉक्टराने पाहिले, की रुग्णालयातला पांढरा सडीक भात खाणाऱ्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्याचा तांदूळ दिला की उभ्या राहतात. या शोधासाठी त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. घरचा उरलेला भात कोंबड्यांना घालून धन्य होणाऱ्या गृहिणींनी त्यात थोडा कोंडा मिसळावा.

मुंबईत खरा शत्रू पावसाळा. खुराड्यातले तूस भिजले, की तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना रक्ती हगवण लागते. त्या रोगाची बीजे नेहमीच्या फिनेलाला दाद देत नाहीत. त्यांना कोरडेपणा मारतो. म्हणून जमीन उंच, छप्पर पुढे काढलेले, तूस रोज हलवलेले आणि ओले झाले की बदललेले. मका दमट डब्यात राहिला तर त्याला बुरशी येते आणि तिचे विष कोंबडीचे यकृत खाते. वास आलेला दाणा टाकून देताना जीव हळहळतो, पण टाकावा. तुरा आणि गलोल्यांवर खपल्या दिसल्या तर त्या देवी. त्या डासांमार्फतही पसरतात.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कोंबडी शिंकली, की औषधाच्या दुकानातून माणसांची प्रतिजैविके आणून पाण्यात कालवणारे लोक मी पाहिले आहेत. विषाणूवर त्यांचा उपयोग नाही, आणि त्या औषधाचा अंश अंड्यातून पोरांच्या पोटात जातो. त्यापेक्षा पहिली कोंबडी मरताच ती पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्यावी. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचे आहे. मुंबईकराने त्याचा रस्ता माहीत ठेवावा.

एका रोगाच्या बाबतीत तर मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवूही नये. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला; देशातली ती पहिली नोंद. लक्षावधी कोंबड्या माराव्या लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात तो पुन्हा आढळला, आणि त्याच वर्षी दिल्लीत या रोगाने अकरा वर्षांचा एक मुलगा दगावला. एकाएकी पुष्कळ कोंबड्या मेल्या, किंवा परिसरात कावळे मरून पडू लागले, तर पशुसंवर्धन खात्याला त्याच दिवशी कळवावे. सरकारने मारलेल्या कोंबड्यांची भरपाई मिळते. लपवून ठेवलेल्या मेल्या कोंबड्यांची मिळत नाही. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण येथे शब्दशः घ्यावी.

मावशींनी खुराडे रिकामे केले, चुना मारला आणि पावसाळा संपेपर्यंत तसेच कोरडे ठेवले. नंतर चार तलंगा आणल्या. त्या तीन आठवडे मागच्या पडवीत वेगळ्या डालग्याखाली होत्या. त्यांचे पाण्याचे भांडे निराळे, आणि त्यांच्याकडे जायची चप्पलही निराळी. आमच्या कोंबड्यांना दाणे टाकून झाल्यावरच कोणी तिकडे जायचे, उलट जायचे नाही, असा मावशींचा दंडक होता. तो मोडणाऱ्या माझ्या धाकट्या मुलाला त्यांनी दोनदा हात धुवायला लावले.