शीतसह जलीय विद्युत अपघटनी

शीतसह जलीय विद्युत अपघटनी म्हणजे ०° से. या पाण्याच्या गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली द्रवरूप राहून बॅटरीच्या दोन अग्रांमध्ये आयनांचे वहन करू शकणारे पाण्यातील द्रावण होय. लिथियम-आयन बॅटऱ्यांतील कार्बनी द्रावक ज्वालाग्राही असतात. पाणी पेट घेत नाही आणि स्वस्तही असते. म्हणून वीज साठवण्यासाठी जस्त, सोडियम इत्यादींच्या जलीय बॅटऱ्यांवर संशोधन चालू आहे. थंड प्रदेशांत मात्र पाण्याचे गोठणे हा त्यांच्या वापरातील मोठा अडसर ठरतो.

गोठण्याचे परिणाम

पाण्याचा प्रत्येक रेणू शेजारच्या चार रेणूंशी हायड्रोजन बंधांनी जोडला जाऊ शकतो. तापमान उतरले की या बंधांचे नियमित जाळे बनून बर्फ तयार होतो. बर्फात आयनांची हालचाल जवळजवळ थांबते. शिवाय गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढत असल्याने बॅटरीच्या आवरणाला तडे जाऊ शकतात.

गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केलेली शिसे-आम्ल बॅटरी हे याचे परिचित उदाहरण आहे. पूर्ण प्रभारित बॅटरीतील सल्फ्युरिक आम्लाचे द्रावण −५०° से. तापमानालाही गोठत नाही. बॅटरी उतरताना आम्ल खर्च होते व पाणी तयार होते. द्रावणाचे सापेक्ष घनत्व १.१० पर्यंत घटल्यास ते सुमारे −८° से. तापमानालाच गोठू लागते. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत उतरलेली बॅटरी वाहनात तशीच ठेवणे हानिकारक असते.

गोठणबिंदू उतरवण्याचे उपाय

लवणाची संहती वाढवणे : विरघळलेले आयन पाण्याचे रेणू स्वतःभोवती खेचून घेतात, त्यामुळे हायड्रोजन बंधांचे जाळे विस्कळीत होते. मिठाचे सुमारे २३ टक्के द्रावण −२१° से. पर्यंत द्रव राहते. चीनमधील नानकाई विद्यापीठातील संशोधकांनी २०२० मध्ये दर किलोग्रॅम पाण्यात ७.५ मोल झिंक क्लोराइड विरघळवून −११४° से. पर्यंत न गोठणारे द्रावण मिळवले आणि −७०° से. तापमानाला जस्ताची बॅटरी चालवून दाखवली.

सहद्रावक मिसळणे : इथिलीन ग्लायकॉल किंवा डायमिथिल सल्फॉक्साइड यांचे रेणू पाण्याशी बंध जोडून बर्फाच्या स्फटिकांना अटकाव करतात. शुद्ध डायमिथिल सल्फॉक्साइड सुमारे १८° से. तापमानालाच गोठते, पाण्याबरोबरचे त्याचे योग्य प्रमाणातील मिश्रण मात्र −१००° से. च्याही खाली द्रव राहू शकते.

मर्यादा

द्रावण न गोठणे एवढेच पुरेसे नसते. थंडीत त्याची श्यानता वाढते आणि आयन मंदावतात. लवण प्रमाणाबाहेर घातल्यास आयनांमधील आकर्षण प्रबळ होऊन गोठणबिंदू पुन्हा वर चढतो किंवा लवणाचेच स्फटिक पडतात. कार्बनी सहद्रावक जास्त झाल्यास विद्युतवाहकता घटते आणि ज्वलनशीलतेचा धोका परत येतो. म्हणून अशा द्रावणाची रचना करताना सर्वांत कमी गोठणबिंदूपेक्षा गोठणबिंदू, वाहकता, सुरक्षितता व खर्च यांचा मेळ साधणे महत्त्वाचे ठरते.