कॅडमियम टेल्युराइड: काचेच्या आत आणि बाहेर

इस्लामपूरच्या आसपास आता घरांवर, शेतपंपांशेजारी सोलर पॅनेल दिसतात. बहुतेक सिलिकॉनची. पण बाजारात दुसरा एक प्रकारही आहे, कॅडमियम टेल्युराइडचा. आज आपण त्याच काळसर पदार्थाकडे बघू.

याचा बँड गॅप सुमारे १.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे ऊन शोषायला अगदी सोयीचा. त्यामुळे दोन काचांमध्ये काही मायक्रॉनचा थर पुरतो. सिलिकॉनची चकती शंभर मायक्रॉनहून जाड लागते. पाण्यात तो विरघळत नाही, वितळतो १००० अंश सेल्सिअसच्या वर. म्हणून छतावरच्या धड पॅनेलला भ्यायचं कारण नाही, असं आम्हाला वाटतं.

प्रयोगशाळेतली भुकटी मात्र वेगळी. कॅडमियमची संयुगं श्वासातून गेली तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, मूत्रपिंडंही बिघडतात. तेव्हा हातमोजे घालून, फ्यूम हूडमध्येच काम करायचं. सांडली तर झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं टिपायची. ॲसिडजवळ तर नेऊच नका. विषारी हायड्रोजन टेल्युराइड वायू सुटू शकतो. (टेल्युरियम अंगात गेलं की श्वासाला लसणासारखा वास येतो, बरं का!)

आणि फुटलेलं पॅनेल? भंगारात घालून तारेसाठी ठेचणं, जाळणं हाच खरा धोका. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनेलही धरली आहेत. तुकडे जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून नोंदणीकृत रीसायकलरकडेच द्यायचे.