बाबांची मॅटाडोर

गावातल्या शहाण्या माणसांनी मला आजवर दोन वेळा वेड्यात काढले आहे. एकदा मी जालन्याची नोकरी सोडून सुलतानपुरास परत आलो तेव्हा, आणि दुसऱ्यांदा गोठ्यामागे सोळा वर्षे उभी असलेली बाबांची मॅटाडोर दुरुस्तीला काढली तेव्हा. पहिल्या वेळी त्यांचे थोडे चुकले, असे मला अजून वाटते. दुसऱ्या वेळी ते बव्हंशी बरोबर होते, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

सुलतानपूर हे बुलढाणा जिल्ह्यातले, लोणार तालुक्यातले आमचे गाव. बाबांनी ही गाडी १९८४ साली घेतली. दिवसा तिच्यातून भाजीपाला जाई, लग्नसराईत वऱ्हाडे जात, आणि रात्री-अपरात्री कुणी बाळंतीण अडली की हीच गाडी मेहकरच्या वाटेला लागे. पुढे बाबांची नजर अधू झाली, गाडी गोठ्यामागे गेली, आणि कोंबड्यांनी तिचा रीतसर ताबा घेतला. टपावर वालाचा वेल चढला. ती भंगारात घालावी असे घरात दरवर्षी ठरे आणि दरवर्षी बाबा त्या दिवशी जेवत नसत.

एके संध्याकाळी आई वालाच्या शेंगा तोडता तोडता सहज बोलून गेली, "साऱ्या गावाची वऱ्हाडं नेली यायनं. मले मात्र एक खेप कुठी नेलं नाही. समुद्र कसा असते, तेही पाह्यलं नाही."

बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी ऐकले, पण उत्तर दिले नाही. आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. कमरेच्या दुखण्याने तिला एस.टी.त तासभरसुद्धा बसवत नव्हते. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि सकाळी मी कोंबड्यांना नोटीस दिली. या गाडीत निजायला दोन फळ्या, एक शेगडी आणि पाण्याची टाकी बसवायची, आणि आईला आडवी निजवून समुद्रापर्यंत न्यायची, असा माझा बेत होता.

आता या गाडीची थोडी कुळकथा सांगितली पाहिजे. मॅटाडोर म्हणजे स्पेनमधला बैलाशी झुंजणारा गडी. हे नाव जर्मनीतल्या हाम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याने १९४९ साली आपल्या मालगाडीला दिले. तिला इंजिन होते ते फोक्सवॅगनचे, २५ अश्वशक्तीचे. पुढे फोक्सवॅगनने स्वतःचीच तशी गाडी काढली आणि इंजिने देणे थांबवले. टेम्पोवाल्यांना दुसऱ्यांची इंजिने शोधीत फिरावे लागले. आपल्याकडे १९५८ साली फिरोदियांनी बजाज टेम्पो सुरू केली आणि त्यांच्या तीनचाकीमुळे 'टेम्पो' हा शब्द आपल्या बाजारपेठेत कायमचा रुजला. मॅटाडोर त्यांनी नंतर आणली. तात्पर्य, या गाडीच्या घराण्यात इंजिन बदलण्याची रीत जुनीच आहे. मी काही नवे पाप करीत नव्हतो.

या गाडीचा एक मोठा गुण असा, की इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळतो. मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा नसल्यामुळे पाठीमागची जमीन सपाट आणि खाली असते. आईला चढायला एकच पायरी पुरली, ती याच्यामुळे.

परंतु आधी गंज. गंजाचा स्वभाव भाऊबंदकीसारखा असतो. वरून दिसतो त्याहून आत जास्त पसरलेला. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून रंगाखाली फोड उठतात. वरून पत्रा धडधाकट, बोट दाबले की आरपार! टपाची पन्हळ, चाकांवरच्या कमानी, दारांचे तळ आणि पायरीखालचा पोकळ भाग, जिथे जिथे पाणी साचते तिथे तिथे गाडी चाळण झाली होती. आमच्या मिस्त्रीने पहिल्या दिवशी एक गोष्ट बजावली. गंजावर लांबी भरून रंग फासणे म्हणजे गळवावर पावडर लावणे. स्वच्छ, चकाकते लोखंड लागेपर्यंत कापायचे, नवा पत्रा जोडायचा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड मारायचे. कापता कापता एके दिवशी अशी वेळ आली की गाडीपेक्षा भोकेच अधिक होती. बाबा काठी टेकीत येत, त्या भोकांतून पलीकडचे शेत पाहत आणि काही न बोलता परत जात.

पत्र्याचे काम संपत आले तसा माझा जीव इंजिनात अडकला. जुने इंजिन दमलेले होते, आणि समुद्राकडे जायचे म्हणजे सह्याद्री उतरायचा आणि परत चढायचा. बजाज टेम्पोने मर्सिडीजच्या घराण्यातले 'ओएम ६१६' हे डिझेल इंजिन परवान्याने भारतात बनवले होते. चार सिलिंडर, सुमारे २.४ लिटर. याच इंजिनाच्या जोरावर १९७३ पासून जर्मनीत टॅक्सीवाल्यांच्या आवडत्या मोटारी धावल्या. असे एक इंजिन, त्याच्या गिअरबॉक्ससह, भंगारात निघालेल्या नंतरच्या मॅटाडोरमधून मला मिळाले. किंमत ऐकून घरी खोटे सांगावे लागले. मोठ्या इंजिनाची उष्णताही मोठी असते. डिझेल जाळून निघणाऱ्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्सा थंड करणाऱ्या पाण्यालाच वाहून न्यावा लागतो, म्हणून रेडिएटरही मोठा घेतला. पैसे संपले. ब्रेकचे काम 'पुढच्या महिन्यात पाहू' म्हणून मी मागे ठेवले.

इथे मी चुकलो.

कागद अजून व्हायचे होते, म्हणून हमरस्त्यावर न जाता शेताच्या वाटेनेच गाडी काढली. शेजारी बाबा बसले होते. इंजिनाने असा काही हुंकार दिला की बांधावरचे बैल उभे राहिले! मी चढ एका दमात चढलो आणि नाल्याकडच्या उतारावर फुशारकीने पाय दाबला. नाल्याजवळ ब्रेकवर पाय ठेवला तो थेट जमिनीला टेकला. सोळा वर्षांत चाकांतले रबर वाळून तडकले होते आणि ब्रेकचे तेल वाटेतच सांडले होते.

"गेर पाड!" बाबा ओरडले, आणि मला सुधरेपर्यंत त्यांनीच हँडब्रेक ओढला होता. गाडी तुरीत घुसून बांधाला टेकली. नाला तिथून दोन हातांवर होता.

बराच वेळ आम्ही दोघे नुसते बसून राहिलो. मग बाबा म्हणाले, "पळवाले काय लागते रे? पळवते कोन्हीबी. थांबली पाहिजे. तुह्या मायले घेऊन जाणार हाये ना तू?"

रागावले असते तर परवडले असते. वेग दुप्पट झाला की गाडीच्या अंगातली ऊर्जा चौपट होते आणि ती सगळी ब्रेकलाच जिरवावी लागते, हे मी शाळेत शिकलो होतो. चाळीस वर्षे गाडी हाकणाऱ्या माणसाला ते सूत्र ठाऊक नव्हते, पण त्याचा अर्थ ठाऊक होता. मी शेतातली एक जोडी बैल विकून ब्रेकचे सगळे काम नवे केले: मास्टर सिलिंडर, नळ्या, शू, ड्रम. इंजिन बसवणाऱ्या जोडांना जास्तीची पट्टीही दिली.

मग कागद. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने ठरवलेल्या तपशिलाबाहेर गाडीत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितले. इंजिन त्याच घराण्यातले आहे, हे माझ्या पथ्यावर पडले. बिछाने मी बोल्ट काढून उचलता येतील असे केले, म्हणजे मूळ सांगाड्याला हात लागला नाही. तरीही परवानगी, नोंदणीचे नूतनीकरण, दंड, तपासणी आणि नव्या इंजिनाचा क्रमांक नोंदवणे यात एक पावसाळा गेला. इंजिन बसवायला याच्या निम्मेही दिवस लागले नव्हते.

दसऱ्यानंतर आम्ही निघालो. पुण्याजवळ आकुर्डीला कारखान्याच्या बाजूने जाताना बाबांनी मला गाडी हळू घ्यायला लावली. त्यांनी टोपी नीट केली आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. तो कारखाना आता 'फोर्स मोटर्स' या नावाने ओळखला जातो, हे मी त्यांना सांगितले नाही.

ताम्हिणीचा घाट सुरू होण्यापूर्वी बाबांनी एकच धडा दिला: "ज्या गेरात चढशीन, त्याच गेरात उतर." मोठे इंजिन खालच्या गिअरमध्ये गाडी धरून ठेवीत होते आणि ब्रेक थंड होते. आई मागे निजल्या निजल्या खिडकीतून डोंगर पाहत होती. माणगाव मागे पडले, पोफळी दिसू लागल्या, आणि दिवेआगरला आम्ही गाडी वाळूच्या अलीकडे उभी केली.

आई पायरीवर बसून खूप वेळ पाण्याकडे पाहत होती. मग लहान मुलीसारखी पुढे गेली, ओंजळीत पाणी घेऊन तिने जिभेला लावले आणि तोंड वाकडे केले. "हे तं आपल्या लोणारच्या तळ्यावानीच हाये. एवढं पानी, अन् पेता येत नाही!"

बाबांनी गाडीतल्या शेगडीवर चहा ठेवला. मी त्यांना चहा करताना जन्मात कधी पाहिले नव्हते. साखर जास्त झाली होती. आईने तो निमूटपणे प्यायला आणि म्हणाली, "दुसऱ्या खेपेला कुठी नेता?"

परतीच्या वाटेवर गाडी घाट एका दमात चढली. बाबा शेजारी बसून होते. प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. अर्थात, माझाही खरा ब्रेक त्याच वेळी दाबला जात होता.