छोटा जनरेटर आणि नाजूक उपकरणं

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत अनेक गावं कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी दोन-तीन केव्हीएचा पेट्रोल जनरेटर मोठा आधार असतो. बल्ब आणि पंखे त्यावर निमूट चालतात. लॅपटॉप, राउटर, टीव्ही, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर यांना मात्र स्थिर वीज लागते.

वीज का डळमळते

घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. साध्या छोट्या जनरेटरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेतं तेव्हाच हे ५० हर्ट्झ मिळतात. फेरे २८५० वर आले की ४७.५. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचतो. इंजिनाचा आवाज जड होतो, व्होल्टेज घसरतं. कॉम्प्रेसर थांबला की उलट घडतं: ओझं एकदम उतरतं, फेरे वाढतात, व्होल्टेज उसळतं. उपकरणांना जास्त धोका या उसळण्याचा. जनरेटरमधला एव्हीआर (व्होल्टेज आपोआप स्थिर ठेवणारा भाग) व्होल्टेज बऱ्यापैकी सावरतो, पण इंजिनाचे फेरे त्याच्या हातात नसतात. म्हणून फ्रिज किंवा पंप चालू असताना त्याच जनरेटरवर कॉम्प्युटर लावू नये.

इन्व्हर्टर जनरेटर

यात तयार झालेली वीज आधी डीसी होते आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किट तिची स्वच्छ साइन वेव्ह बनवतं. इंजिन हळू चालो वा जोरात, बाहेर ५० हर्ट्झच येतात. किंमत जास्त आहे, तरी घरात वैद्यकीय उपकरण असेल तर हाच घ्यावा. आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णाजवळ भरलेला सिलिंडर हवाच. पेट्रोल कधीही संपू शकतं.

आधी इंजिन, मग प्लग

जनरेटर सुरू करून दोन-तीन मिनिटं तसाच चालू द्या. मल्टिमीटरने सॉकेटवर व्होल्टेज पाहा, मगच एकेक उपकरण जोडा. बंद करताना आधी प्लग काढा. टाकी पार रिकामी होईपर्यंत चालवू नका. शेवटच्या थेंबांवर इंजिन आचके देतं आणि व्होल्टेजही तसंच नाचतं. पेट्रोल भरायचं ते इंजिन बंद करून, निवल्यावर.

यूपीएस जोडला आणि तो सारखा बॅटरीवर जाऊन टिकटिकू लागला, तर बिघाड बहुधा त्यात नसतो. येणारी वीज त्याला पसंत नसते. लोड कमी करून पाहा.

ठेवायचा कुठे, जोडायचा कसा

पाऊस आहे म्हणून पडवीत ठेवायचा मोह होतो. तो जिवावर बेतू शकतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. दारं-खिडक्यांपासून किमान वीस फूट लांब, उघड्यावर, पावसापुरतं वर छत आणि चारही बाजू मोकळ्या, असाच तो ठेवा.

दोन्ही टोकांना पिना असलेली वायर घरातल्या सॉकेटमध्ये खुपसून अख्खं घर चालवायचा प्रकार खेडोपाडी दिसतो. मेन स्विच चालू राहिला तर ती वीज उलटी लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्टची होते, आणि खांबावर तारा जोडणारा वायरमन तिच्या तावडीत सापडतो. घराला वीज द्यायचीच असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. नाहीतर एक्स्टेन्शन बोर्डवर थेट उपकरणं चालवा.